चौकातला हिशोब : विजेवर चालणारी छोटी गाडी शहरात कितपत बरी?

शाळेतून घरी जाताना एखाद्या मोठ्या चौकात, पदपथावर सुरक्षित जागी, पाच मिनिटे उभे राहा आणि घड्याळाकडे पाहा. लाल दिवा लागतो. मोटारी, रिक्षा, बसगाड्या थांबतात. साठ, नव्वद, कधी एकशेवीस सेकंद कोणी जागचे हलत नाही. पण बहुतेकांची एंजिने मात्र चालूच असतात. पेट्रोल जळत असते, धूर निघत असतो आणि अंतर एक मीटरही कापले जात नाही. या दोन मिनिटांत गाडीने एका लिटरला किती किलोमीटर दिले, असे कोणी विचारले, तर उत्तर शून्य असे द्यावे लागेल.

मग हिरवा दिवा लागतो. सगळे घाईने पुढे धावतात, दोनशे-तीनशे मीटरवर पुढचा चौक येतो आणि सगळे पुन्हा ब्रेक दाबतात. वेग मिळविण्यासाठी जे पेट्रोल जाळले, त्याचे काय झाले? ब्रेक गरम झाले आणि ती उष्णता हवेत गेली.

याच गर्दीत हिरव्या रंगाची नंबरपाटी लावलेली एखादी छोटी गाडी तुम्हांला दिसेल. हिरवी पाटी ही आपल्या देशात विजेवर चालणाऱ्या वाहनाची खूण आहे. ही गाडी थांबली की तिची मोटरही थांबते. जाहिरातीत म्हटलेले असते, की ही गाडी म्हणजे प्रदूषणावरचा रामबाण उपाय. शेजारचे काका म्हणतात, “अरे, वीजसुद्धा कोळसा जाळूनच होते ना? मग उपयोग काय?” दोघांपैकी बरोबर कोण? हे ठरविण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. नववी-दहावीचे पदार्थविज्ञान आणि थोडा गुणाकार-भागाकार पुरेसा आहे. (या लेखात वाहनाला ‘गाडी’ आणि तिची चाके फिरविणाऱ्या यंत्राला ‘मोटर’ म्हणू, म्हणजे घोटाळा होणार नाही.)

जुनीच कल्पना, नवी बॅटरी

विजेची गाडी ही आजकालची कल्पना नव्हे. रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाने ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो १८९९ साली, आणि ते वाहन विजेवर चालणारे होते. कामिय झेनात्सी या बेल्जियन चालकाने फ्रान्समध्ये हा पराक्रम केला. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करण्यासाठी हाताने दांडा फिरवावा लागे. १९१२ साली एंजिन विजेने सुरू करण्याची सोय निघाली. पेट्रोल स्वस्त होतेच. विजेच्या गाड्या हळूहळू मागे पडल्या.

त्या मागे पडल्या याचे मुख्य कारण म्हणजे बॅटरीचे वजन. एक किलोग्रॅम पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. शिसे आणि आम्ल यांच्या एक किलोग्रॅम बॅटरीत जेमतेम ३० ते ४० वॉट-तास मावतात. २००१ साली बंगळूरमध्ये ‘रेवा’ नावाची छोटी विजेची गाडी विक्रीस आली. तिच्यात अशाच शिशाच्या बॅटऱ्या होत्या: दाब ४८ व्होल्ट, धारणा २०० अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार केला की ९,६०० वॉट-तास, म्हणजे आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत ९.६ युनिटे होतात. एवढ्यावर ती सुमारे ८० किलोमीटर जाई. पुढे ही गाडी लंडनच्या रस्त्यांवरही धावली.

लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आणि चित्र पालटले. त्यांच्या एक किलोग्रॅम घटांत १५० वॉट-तासांहून अधिक ऊर्जा मावू शकते. पेट्रोलपेक्षा हे अजूनही फारच कमी. पण शिशापेक्षा चार-पाच पट जास्त. २०२२ साली टाटा मोटर्सने ‘टियागो ई.व्ही.’ ही छोटी गाडी आणली, तेव्हा ती १९.२ आणि २४ युनिटे अशा दोन बॅटऱ्यांसह मिळू लागली. एकदा भरलेल्या बॅटरीवर चाचणीत मिळणारे अंतर अनुक्रमे २५० आणि ३१५ किलोमीटर सांगितले गेले. आपण २४ युनिटांची बॅटरी असलेली अशीच एक गाडी नमुना म्हणून घेऊ आणि स्वतः हिशोब मांडू.

ऊर्जा जाते कोठे?

माणसांसह गाडीचे वस्तुमान १,२०० किलोग्रॅम धरू. शहरात ती ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, एवढा वेग गाठते आणि दर किलोमीटरला तीन वेळा थांबते असे समजू. थांबण्यातला वेळ धरून तिचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर पडतो. आता एका किलोमीटरचा खर्च पाहू.

पहिला खर्च टायरांचा. टायर फिरताना दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात ऊर्जा वाया जाते. हा विरोध गाडीच्या वजनाच्या साधारण शंभराव्या भागाइतका असतो. १,२०० किलोग्रॅमचे वजन ११,८०० न्यूटन; त्याचा शंभरावा भाग ११८ न्यूटन. हे बल १,००० मीटर लावले, तर १,१८,००० ज्यूल खर्च होतात. एक वॉट-तास म्हणजे ३,६०० ज्यूल. तेव्हा हा खर्च झाला ३३ वॉट-तास.

दुसरा खर्च हवेचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. छोट्या गाडीला ताशी ३६ किलोमीटर वेगाला तो सुमारे ४२ न्यूटन होतो, म्हणजे किलोमीटरला १२ वॉट-तास. वेग ताशी ९० केला, तर वेग अडीच पट होईल, पण विरोध सव्वासहा पट होऊन खर्च ७३ वॉट-तासांवर जाईल.

तिसरा खर्च थांबण्याचा, आणि शहरात हाच सर्वांत मोठा. सेकंदाला १० मीटर वेगाने जाणाऱ्या आपल्या गाडीची गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याच्या निम्मी, ६०,००० ज्यूल अथवा सुमारे १७ वॉट-तास भरते. तीन वेळा थांबले की ५० वॉट-तास गेले. साध्या गाडीत ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते.

विजेच्या गाडीची खरी खुबी येथे आहे. मोटर आणि जनित्र ही मुळात एकच यंत्रे. वीज दिली की चाक फिरते. उलट चाकाने मोटर फिरविली की वीज मिळते. चालकाने वेग कमी करायला घेतला की मोटर जनित्राचे काम करू लागते, गाडीला मागे ओढते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत पाठविते. सगळी ऊर्जा परत मिळत नाही. तारांत, घटांत थोडी जाते. अगदी कमी वेगाला आणि जोराचा ब्रेक मारताना नेहमीचेच ब्रेक लागतात. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर वीज ठेवायला जागाच नसते. म्हणून आपण निम्मीच ऊर्जा परत मिळते असे धरू. पन्नासाचे पंचवीस उरले.

आता बेरीज करा: ३३ अधिक १२ अधिक २५, म्हणजे ७० वॉट-तास. मोटर आणि तिचे नियंत्रण करणारी यंत्रणा यांत सुमारे १५ टक्के ऊर्जा जाते. तेव्हा बॅटरीतून किलोमीटरला ८२ वॉट-तास निघतील. २४,००० ला ८२ ने भागले, तर २९३ किलोमीटर येतात. म्हणजे जाहिरातीतला आकडा काही हवेतून काढलेला नाही! वाहने प्रमाणित करणाऱ्या संस्थांत (पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक) गाडी रुळांवर चढवून ठराविक पद्धतीने कमी-अधिक वेगाने चालविली जाते आणि त्यावरून असे आकडे काढले जातात. पण तेथे गाडीतले वातानुकूलन यंत्र बंद असते.

आणि हाच आपला चौथा खर्च. एप्रिल-मे महिन्यात हे यंत्र सुमारे १ किलोवॉट वीज घेते असे धरा. ताशी २० किलोमीटर सरासरीने एक किलोमीटर जायला तीन मिनिटे लागतात. तीन मिनिटांत हे यंत्र ५० वॉट-तास खाते, म्हणजे टायरांपेक्षाही जास्त! वाहतूक आणखी तुंबली आणि सरासरी ताशी १० वर आली, तर १०० वॉट-तास. गाडी चालो वा न चालो, त्याचे मीटर फिरतच राहते. ही ऊर्जा मिळविली, की किलोमीटरचा खर्च १३२ वॉट-तास होतो. शेवटची दहा टक्के वीज कोणी वापरीत नाही असे धरून २१.६ युनिटांना भागा. अंतर येते १६४ किलोमीटर. यंत्र बंद ठेवले, तर तेच २६३.

महामार्गावर काय होईल? ताशी ९० वेगाला टायर आणि हवा मिळून १०६ वॉट-तास. मोटरची घट आणि वातानुकूलन धरून १३६. अंतर १५९ किलोमीटर. पेट्रोलच्या गाडीचे बरोबर उलट असते. तिचे एंजिन महामार्गावर बऱ्यापैकी काम करते आणि गर्दीत, कमी भारावर, अतिशय वाईट. पेट्रोलची छोटी गाडी गर्दीच्या शहरात लिटरला १५ किलोमीटर देते असे धरा. एक लिटरमध्ये सुमारे ९ युनिटे ऊर्जा असते. म्हणजे किलोमीटरला ६०० वॉट-तास. ६०० विरुद्ध १३२. शहर हेच विजेच्या गाडीचे खरे अंगण आहे, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात येईल.

बॅटरी केवढी हवी?

शहरात एक कुटुंब दिवसाला फार तर ४० किलोमीटर फिरते असे समजा. ४० गुणिले १३२, म्हणजे सुमारे ५.३ युनिटे. २४ युनिटांची बॅटरी चार दिवस पुरली. दुप्पट मोठी बॅटरी घेतली, तर दीडशे-दोनशे किलोग्रॅमचे जादा ओझे रोज विनाकारण वाहावे लागेल आणि किंमतही वाढेल. शहरापुरती गाडी हवी असेल, तर लहान बॅटरी हा तिचा दोष नसून गुण आहे.

भरण्याचे काय? घरातील १५ अँपिअरच्या जोडणीतून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३.४५ किलोवॉट मिळतात. त्यांतले सुमारे ३ किलोवॉट उपयोगी पडले, तर दिवसभराचा खर्च दोन तासांत भरून निघतो. मात्र ही जोडणी स्वतंत्र तारेची आणि चांगल्या अर्थिंगची हवी. खिडकीतून लोंबती वायर सोडून गाडी भरणे म्हणजे आगीला आमंत्रण. पावसाळ्याची भीती अनेकांना वाटते. वर सांगितलेल्या नमुन्यातील बॅटरीची पेटी १ मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिली, तरी आत पाणी शिरू नये, अशा प्रमाणाला उतरणारी आहे. म्हणून तुंबलेल्या पाण्यात गाडी घालावी असा मात्र त्याचा अर्थ नव्हे.

ज्याला गाडी ठेवायला स्वतःची जागाच नाही, जो ती रात्री रस्त्याच्या कडेला उभी करतो, त्याच्यासाठी हे सगळे गणित अडते. आपल्या शहरांत असे लोक थोडे नाहीत.

धूर गेला कोठे?

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. चार्जरमध्ये आणि बॅटरी भरताना काही वीज उष्णता होऊन जाते. म्हणून घरच्या मीटरवर किलोमीटरला १३२ नव्हे, तर सुमारे १५० वॉट-तास पडतील. वीज वाहून आणतानाही गळती होते. ती धरून केंद्रातून १८० वॉट-तास निघायला हवेत. आपल्या देशात कोळसा, पाणी, वारा, ऊन, अणू या सर्वांपासून मिळणाऱ्या विजेची सरासरी काढली, तर एका युनिटामागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. तेव्हा आपल्या गाडीमागे किलोमीटरला १२६ ग्रॅम.

एक लिटर पेट्रोल जळाले, की २.३ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. १५ किलोमीटरला भागा: १५३ ग्रॅम. तेल काढणे, शुद्ध करणे, वाहून आणणे यासाठी आणखी पाचवा हिस्सा धरला, तर सुमारे १८४ ग्रॅम. कोळसा खणण्या-वाहण्याचाही खर्च विजेच्या बाजूला मांडला, तर फरक उरतो किलोमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास.

पण बॅटरी तयार करतानाही ऊर्जा लागते. २४ युनिटांच्या बॅटरीमागे साधारण २ टन कार्बन डाय-ऑक्साइड धरू. २० लाख ग्रॅमांना ५० ने भागा. ४०,००० किलोमीटर! इतके अंतर कापल्यावर विजेच्या गाडीचे हे कर्ज फिटते आणि त्यानंतर ती नफ्यात येते. वर्षाला १०,००० किलोमीटर चालली, तर चार वर्षे. वर्षाला ३,००० चालली, तर तेरा. सगळी वीज जुन्या कोळसा केंद्रातून आली, तर युनिटामागे सुमारे १ किलोग्रॅम पडतो आणि फरक जवळजवळ नाहीसाच होतो. उलट शाळेच्या वा कचेरीच्या छपरावरील सौर पट्ट्यांवर दुपारी गाडी भरली, तर कर्ज फार लवकर फिटते. तेव्हा काका अर्धे बरोबर आहेत. तीच गाडी, तोच रस्ता. पण वीज कोठून येते त्यावर उत्तर बदलते.

आणखी एक गोष्ट आकड्यांत सहज दिसत नाही. पुण्या-मुंबईच्या चौकातला धूर लहान मुलाच्या नाकाच्या उंचीवर सोडला जातो, तोही जेथे माणसे दाटीने राहतात तेथे. तो थांबणे हा मोठाच लाभ आहे. पण चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोराडी, परळी, भुसावळ येथेही अशी केंद्रे आहेत. धुराडी उंच असली, तरी कोळशाची राख आणि खाणींची धूळ तेथल्या मुलांच्या वाट्याला येते. शहरातली हवा स्वच्छ झाली म्हणून हिशोब संपला, असे मानता येणार नाही. केंद्रांतील धूर स्वच्छ करणे आणि कोळशाचा वाटा कमी करणे हे त्याच हिशोबाचे पुढचे पान आहे.

पैसा आणि रस्ता

पैशाचाही विचार करू. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले, तर किलोमीटरला ७ रुपये. वीज १० रुपये युनिट धरली, तर दीड रुपया. फरक साडेपाच रुपयांचा. विजेची गाडी अडीच लाख रुपयांनी महाग असेल, तर ती रक्कम सुमारे ४५,००० किलोमीटरनंतर भरून येते. पाहा, हा आकडा कार्बनच्या आकड्याच्या किती जवळ आला! दोन्ही हिशोब एकच गोष्ट सांगतात: ही गाडी दारात उभी राहून कोणाचेच भले करीत नाही. जी रोज, शहरात, पुष्कळ धावते तिलाच ती शोभते. म्हणून भाड्याची गाडी, डॉक्टरांची किंवा घरोघर सामान पोहोचविणाऱ्यांची गाडी विजेची होणे हे आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीपेक्षा जास्त महत्त्वाचे.

आणि रस्त्यावरची जागा? विजेची गाडीही पेट्रोलच्या गाडीइतकीच जागा अडविते. तिच्या टायरांची झीज होऊन धूळ उडतेच. विजेवरची मोठी बस किलोमीटरला सुमारे १.२ युनिटे घेते. तीत ४० माणसे असली, तर माणशी ३० वॉट-तास. आपल्या गाडीत एकच माणूस बसला, तर १३२. पुण्यात २०१९ सालापासून विजेच्या बस धावू लागल्या. त्यांच्याशी तुलना करताना आपली छोटी गाडी दुसऱ्या क्रमांकावर येते, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

करून पाहा

खेळण्यातल्या दोन छोट्या मोटरी घ्या. एकीच्या तारा दुसरीच्या तारांना जोडा. पहिलीच्या आसाला दोरा गुंडाळून तो झटक्याने ओढा. दुसरीचा आस फिरताना दिसेल. आता दुसरी मोटर काढून पहिलीची दोन्ही टोके एकमेकांना जोडा आणि आस पुन्हा फिरवा. आधीपेक्षा तो जड लागेल. विजेच्या गाडीला मागे ओढणारे बल ते हेच.

मग वही काढा. तुमच्या घरचे वाहन आठवड्यात किती किलोमीटर चालते, त्यांतले शहरात किती, त्यात किती माणसे असतात आणि चौकात ते एकूण किती मिनिटे उभे असते, याची आठ दिवस नोंद ठेवा. वर्गातल्या सर्वांच्या नोंदी एकत्र करून, गुरुजींच्या किंवा बाईंच्या मदतीने वरील पद्धतीने गणित करा. आम्ही धरलेले आकडे तुमच्या गावाला लागू पडत नसतील, तर ते बदला. कोणाच्या घरी विजेची गाडी यावी, कोणाची जुनीच गाडी आणखी काही वर्षे चालावी आणि कोणी बसने जावे, याची उत्तरे वेगवेगळी येतील. ती उत्तरे घरी वडीलमंडळींपुढे ठेवा.